न्यूमोनियातून घरी आल्यावर: गेलेला दम पायांतून परत येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६६ वर्षांचे. दोन्ही फुफ्फुसांचा न्यूमोनिया, ११ दिवस हॉस्पिटलमध्ये, त्यातले ४ दिवस आयसीयूत ऑक्सिजनवर. व्हेंटिलेटर लागला नाही. घरी येऊन ९ दिवस झाले, ताप नाही. बसल्या जागी ऑक्सिजन ९५-९६ असतो. बाथरूमला जाऊन आले की ९१ दिसतो, धाप लागते आणि पाय थरथरतात. डिस्चार्ज कार्डावर ‘हलका व्यायाम करावा’ एवढेच लिहिले आहे. आई म्हणते पडून राहू दे, भाऊ म्हणतो जिना चढायला लावू, आणि वडील स्वतः दिवसभर श्वासाच्या व्यायामाचे तीन चेंडूंचे यंत्र ओढत बसतात. नेमके काय करायचे, किती करायचे आणि कुठे थांबायचे?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि २२ वर्षे छातीच्या आजारातून उठलेल्या माणसांबरोबरच काम करते आहे. तुमच्या घरातला वाद मी शेकडो घरांत ऐकला आहे. आईची आणि भावाची काळजी खरी आहे, पण दोघांचाही उपाय वडिलांना मागे नेईल. त्यांना व्यायाम आत्तापासूनच हवा, मात्र घोट-घोट. आणि तो बरोबर झाला की नाही हे त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ते कसे उठतात त्यावरून कळते. एवढे पक्के धरलेत तर पुढचे सगळे आकडे तुम्ही वडिलांच्या मापाने कमी-जास्त करू शकाल.

आधी धाप का लागते ते बघू, कारण गल्लत इथेच होते. आजार फुफ्फुसाचा होता, म्हणून उरलेली धापही फुफ्फुसाचीच, असे सगळे धरून चालतात. फुफ्फुसाचा वाटा आहेच. एक्स-रेवरचा डाग जायला बऱ्याचदा सहा आठवडे लागतात, उतारवयात त्याहूनही जास्त. पण चार पावलांत पाय थरथरतात ही तक्रार फुफ्फुसाची नाही, पायांची आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून तपासले होते. त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त उतरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावले, तेव्हा असे दिसले की त्या तीन आठवड्यांनी केलेले नुकसान पुढच्या तीस वर्षांच्या वयवाढीपेक्षा मोठे होते. उतारवयात तर हे फार झपाट्याने होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांनी फक्त १० दिवस अंथरुणात काढले आणि त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ती माणसे आजारी नव्हती! तुमच्या वडिलांच्या वाट्याला ताप, जंतुसंसर्ग, तुटपुंजे जेवण आणि मोडलेली झोप आली होती. त्यात स्टेरॉइड दिले असेल, आणि अशा न्यूमोनियात ते पुष्कळदा देतात, तर त्याचा फटका मांड्या आणि कमरेच्या स्नायूंना आधी बसतो. खुर्चीतून उठणे सगळ्यात जड जाते ते यामुळे.

दुबळा स्नायू थोड्याशा कामातच थकतो आणि त्यात आम्ल साठू लागते. ते निस्तरण्यासाठी मेंदू श्वास वाढवतो. म्हणजे धाप जाणवते छातीत, पण तिची मागणी आलेली असते मांडीतून. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसून पाय आणखी खंगतात, मग त्याहून कमी हालचालीत धाप लागते. मधे भीतीही शिरते, आणि घाबरलेला माणूस वरवरचे, भरभर श्वास घेतो, त्याने धाप आणखी वाढते. हे चक्र तोडायला आपल्या हातात असलेली सर्वांत सोपी जागा म्हणजे पाय. फुफ्फुसातला डाग कुठल्याही व्यायामाने लवकर पुसला जात नाही. तो त्याच्या वेळेनेच जातो.

आता तो ९१ चा आकडा. बसल्या जागी ९५-९६ आणि चालल्यावर ९१, म्हणजे चार-पाच अंकांची घसरण. घाबरून धावपळ करण्यासारखी ही नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखी नक्की आहे. पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका, फोन करून सांगा, आणि दोन गोष्टी विचारून घ्या: व्यायाम करताना ऑक्सिजन किती खाली गेला तर थांबायचे, आणि एकदा दवाखान्यात चालवून तपासता येईल का. सहा मिनिटे चालवून ऑक्सिजन, नाडी आणि अंतर मोजण्याची एक साधी चाचणी असते. आधीपासून फुफ्फुसाचा आजार नसलेल्यांना मी ९० ची रेघ आखून देते: त्याखाली गेले की थांबा, बसा, श्वास सावरा. सीओपीडीसारखा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा, जुना आजार असेल तर हा हिशेब बदलतो. त्यातल्या काहींसाठी डॉक्टर मुळातच ८८ ते ९२ ही पातळी ठरवून देतात, आणि हे त्यांच्याकडूनच कळायला हवे. घरी ऑक्सिजन चालू असेल तर तो लावूनच व्यायाम करायचा. नळी लांब घ्या, पायात येणार नाही अशी ठेवा, आणि किती लिटरवर ठेवायचा हे स्वतःच्या मनाने बदलू नका.

ऑक्सिमीटर नीट वापरा, नाहीतर तो उगाच घाबरवेल किंवा उगाच धीर देईल. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात या यंत्रामागचे तत्त्व शोधले: बोटातून प्रकाश सोडायचा आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यासोबत तो किती शोषला जातो ते मोजायचे. ठोका नीट मिळाला नाही तर आकड्याला अर्थ नाही. बोट गार असेल, हात हलत असेल, नखाला रंग असेल तर चुकीचा आकडा येतो. हात चोळून गरम करा, चालताना आकड्याकडे बघू नका, थांबल्यावर हात छातीशी स्थिर धरा आणि आकडा ठरेपर्यंत अर्धा मिनिट वाट बघा. बऱ्याच जणांत सर्वांत कमी आकडा थांबल्यानंतरच्या काही सेकंदांत दिसतो, म्हणून बोट लगेच काढू नका. सावळ्या त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते. वडिलांचा चेहरा एक सांगतो आणि यंत्र दुसरे, असे झाले तर चेहऱ्यावर विश्वास ठेवा.

काही दिवशी व्यायाम करायचाच नाही. ताप परत आला, बसल्या जागी धाप कालपेक्षा वाढली, बसल्या जागीच ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे, किंवा आरामात बसूनही नाडी सतत १०० च्या वर आहे, तर त्या दिवशी सुट्टी आणि डॉक्टरांना फोन. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी अशी काही औषधे असतात जी नाडी वाढूच देत नाहीत. त्यांना तशी गोळी चालू असेल तर नाडीवरून श्रम मोजता येणार नाहीत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर उपाशीपोटी व्यायाम नको. धाप कमी करणारा पंप दिला असेल तर व्यायामाआधी १५ मिनिटे तो घ्यायचा का, हेही त्याच फोनमध्ये विचारून टाका.

श्रम मोजायला यंत्रापेक्षा चांगले साधन आहे. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने माणसाला जाणवणारे श्रम आकड्यांत मांडण्याची पट्टी तयार केली आणि तिचे ० ते १० हे रूप आम्ही रोज वापरतो. शून्य म्हणजे अजिबात धाप नाही, दहा म्हणजे याहून जास्त सहनच होणार नाही. व्यायाम ३ ते ४ वर व्हायला हवा: धाप जाणवते, पण एक पुरे वाक्य बोलता येते. चालता चालता वडिलांना काहीतरी विचारा. वाक्य मधेच तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे, आणि ते आरामात गप्पा मारत असतील तर जरा कमी आहे. थोडी धाप लागायलाच हवी, हे आईला मुद्दाम समजावून सांगा. धाप म्हणजे इजा नव्हे. थांबल्यावर पाच मिनिटांत ती ओसरली आणि आकडा पूर्वीच्या जागी आला, तर ती कामाची धाप होती.

माझ्या मते घरच्या घरी करायच्या सगळ्या व्यायामांत एकच असा आहे जो बाकी काही जमले नाही तरी सोडू नये: खुर्चीतून उठणे आणि बसणे. मांड्या, नितंब, कंबर, तोल, हृदय, सगळ्यांना एकदम काम मिळते, आणि ज्या हालचालीत ते अडकले आहेत नेमकी तीच हालचाल सुधारते. खुर्ची हातांची, पक्की, चाके नसलेली घ्या आणि पाठीमागून भिंतीला टेकवा. बसल्यावर गुडघे काटकोनात यावेत. सुरुवातीला फारच जड गेले तर बसायच्या जागी घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. पावले नितंबाएवढ्या अंतरावर, किंचित मागे. नाकाने श्वास घ्यायचा, पुढे झुकायचे, आणि उठताना तोंडाने श्वास सोडत उठायचे. खाली येताना धपकन बसू नये. तीन मोजत, सावकाश. खरी ताकद त्या सावकाश बसण्यातूनच येते, आणि घाई नेमकी तिथेच होते. पहिले काही दिवस हातांचा आधार घेतला तरी चालेल.

किती वेळा? याचे उत्तर सगळ्यांना सारखे नसते, म्हणून माप काढायची रीत सांगते. एकदा बघा की धाप ४ वर येईपर्यंत ते किती वेळा उठतात. समजा, ६ वेळा. मग एका वेळी त्याच्या अर्धे, म्हणजे ३, आणि दिवसातून पाच-सहा वेळा. एकदम ६ काढून दमून पडण्यापेक्षा तीन-तीन करत दिवसभरात १५-१८ झाले तर स्नायूला काम जास्त मिळते आणि माणूस मोडत नाही. दोन-तीन दिवस हे निभले, सकाळी उठताना अंग जड नाही, तर ३ चे ४ करा. बस्स, एवढेच. भावाला ही वाढ हास्यास्पद वाटेल. पण तीन दिवसांनी एक या हिशेबाने महिन्यात ३ चे १३ होतात.

दुसरा व्यायाम चालण्याचा, तोही तुकड्यांत. घरातच एक सरळ पट्टा मोकळा करा, वाटेतली पायपुसणी आणि वायर उचला, दोन्ही टोकांना खुर्ची ठेवा. एक मिनिट चाला, एक-दोन मिनिटे बसा, पुन्हा एक मिनिट. अशा चार फेऱ्या सकाळी, चार संध्याकाळी. आधी फेऱ्या वाढवा, मग फेरीची मिनिटे वाढवा, मग बसण्याचा वेळ कमी करा, आणि वेग सर्वांत शेवटी. एका वेळी यातली एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि वडील दुसऱ्या दिवशी गळून पडले तर कशाने पडले ते कळत नाही. न थांबता दहा मिनिटे जमू लागली की घराबाहेर, सपाट रस्त्यावर न्या, आणि जाण्याइतकाच दम परत येण्यासाठीही लागतो हे लक्षात ठेवून वळा. आठवड्याचे बहुतेक दिवस २० ते ३० मिनिटे सलग चालणे हे पुढच्या दीड-दोन महिन्यांचे लक्ष्य. याच आठवड्याचे नव्हे.

तिसऱ्या जागी छोट्या गोष्टी. जड टेबलाला धरून टाचा उचलणे, उभ्या जागी पावले मारणे, बसल्या बसल्या गुडघा सरळ करून पाच सेकंद धरणे. हातांसाठी अर्धा लिटर पाण्याची बाटली म्हणजे अर्ध्या किलोचे वजनच. पण हात खांद्याच्या वर न्यायचे व्यायाम पहिल्या दोन आठवड्यांत नकोत. मान आणि खांद्यांचे काही स्नायू धाप लागली की श्वासाला हात देतात. हात वर केले की ते दुसऱ्या कामाला लागतात आणि धाप एकदम वाढते. केस विंचरताना किंवा डोक्यावरून शर्ट काढताना वडील थांबतात ना? कारण हेच.

जिन्याबद्दल भावाचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही, फक्त वेळ चुकली आहे. जिना हा बहुतेक घरांतला सर्वांत जड व्यायाम असतो. हातांचा आधार न घेता सलग १० वेळा उठबस जमली, ऑक्सिजन ठरवलेल्या रेघेच्या वर राहिला, की सगळ्यात खालची एकच पायरी घ्या. कठडा धरून वर, खाली, पाच वेळा. कोणीतरी सोबत, वडील वर जाताना त्यांच्या एक पायरी खाली. चढताना श्वास सोडायचा, उभे राहून घ्यायचा. ते सोपे झाले की अर्धा जिना.

तीन चेंडूंच्या यंत्राविषयी मला स्पष्ट बोलायला हवे, कारण यात रुग्णांची खूप शक्ती वाया जाते. माणूस अंथरुणाला खिळलेला असताना किंवा ऑपरेशननंतर खोल श्वास घ्यायची आठवण करून देणारे ते साधन आहे. त्याने पायांत ताकद येत नाही, आणि तिन्ही चेंडू वर गेले म्हणजे फुफ्फुस बरे झाले असेही नाही. दिवसभर ते जोरजोरात ओढले तर चक्कर येते, मान आखडते आणि चालायला उरलेला दमही तिथेच संपतो. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले असेल तर दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच-सहा सावकाश श्वास, एवढे पुरे. फुगे फुगवण्याचा आग्रह मी कुणालाच करत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी शिकवा. पहिली, ओठांचा चंबू करून श्वास सोडणे: नाकाने दोन मोजत श्वास घ्यायचा, आणि गरम पेयावर फुंकर घालावी तसा चार मोजत हळू सोडायचा. फुंकर जोरात मारायची नाही. श्वास सोडायला वेळ दिला की छातीत अडकलेली हवा बाहेर पडते आणि पुढचा श्वास आपोआप खोल येतो. दुसरी, धाप लागल्यावरची बैठक: खुर्चीत पुढे झुकून कोपरे मांड्यांवर टेकवायची, खांदे सैल सोडायचे, किंवा उभे असताना टेबलावर हात टेकून झुकायचे. हात टेकल्याने तेच खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला मोकळे होतात. धाप लागल्यावर धावत जाऊन पलंगावर आडवे होण्याची सवय बहुतेकांना असते, आणि आडवे झाल्यावर धाप उलट जास्त वाटते. या दोन्ही गोष्टी धाप नसताना, निवांत बसून शिकवा. घाबरलेल्या माणसाला नवीन काही शिकवता येत नाही.

कफ असेल तर खोकून खोकून छाती दुखवून घेऊ नये. मध्यम श्वास घेऊन, तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरतो तसा ‘हा’ असा जोराचा निःश्वास दोन वेळा, मग काही शांत श्वास, आणि कफ वर आल्यावर एकदाच खोकला. चालून आल्यानंतर कफ सैल झालेला असतो, तेव्हा हे केले तर कमी कष्टात सुटतो.

व्यायामाइतकीच मला आंघोळीची काळजी वाटते. ती घरातली सर्वांत दमवणारी गोष्ट असते: उभे राहणे, वाकणे, हात वर करणे, वाफ, आणि वर पुसण्याची घाई. बाथरूममध्ये न घसरणारे बसायचे साधन ठेवा, पाणी कोमट ठेवा, दार आतून लावू देऊ नका. अंग पुसण्यापेक्षा मोठा टॉवेल किंवा पंचा पांघरून पाच मिनिटे बसू द्या, अंग आपोआप सुकते. जेवणानंतर तासभर आणि आंघोळीनंतर अर्धा तास व्यायाम नको. आंघोळ, डॉक्टरांची भेट आणि पाहुणे एकाच सकाळी आले तर त्या दिवशीचा व्यायाम निम्मा करा. शरीराच्या दृष्टीने तेही श्रमच.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट. माझ्या एका रुग्णाने घरी आल्यावर दहाव्या दिवशी खूप बरे वाटते म्हणून एकदम चाळीस मिनिटे फेरफटका मारला. त्या दिवशी काहीच झाले नाही, घरचेही खूश. पुढचे तीन दिवस ते पलंगावरून उठले नाहीत, आणि नंतरचे दोन आठवडे चालायचे नाव काढले की घाबरायचे. त्या दोन आठवड्यांत जे गेले ते चाळीस मिनिटांनी मिळवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी तीन प्रश्न विचारा: झोपून ताजे वाटते का, अंग कालपेक्षा जड आहे का, धाप कालइतकीच आहे का? ठीक असेल तर कालचाच व्यायाम. सलग दोन-तीन दिवस ठीक, तर एक पाऊल पुढे. वाईट असेल तर निम्म्यावर या, पण पूर्ण बंद करू नका. घरातल्या घरात उठणे-बसणे, चालणे चालू ठेवा. स्नायू थोडे दुखणे चालते, दोन दिवसांत जाते.

विषाणूजन्य आजारानंतर, विशेषतः कोविडनंतर, काही जणांत वेगळाच प्रकार दिसतो. अगदी किरकोळ श्रमांनंतर, कधी एक-दोन दिवस उलटल्यावर, प्रचंड थकवा, डोके सुन्न होणे, झोप बिघडणे, आणि हे प्रत्येक वेळी. अशा माणसाला ‘थोडे थोडे वाढवत जा’ हा सल्ला लागू पडत नाही, उलट अपाय करतो. तिथे वाढ थांबवून, ज्या पातळीवर त्रास होत नाही तिथेच राहून, डॉक्टरांना दाखवायचे. त्याला आळशी म्हणू नका.

व्यायाम जागच्या जागी थांबवायच्या खुणा घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असू द्या: छातीत दुखणे किंवा आवळणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धडधड किंवा ठोके चुकल्यासारखे वाटणे, घाम फुटून अंग गार पडणे, ऑक्सिजन ठरलेल्या रेघेखाली जाणे. बसवा, चंबूचा श्वास सुरू करा. दोन-तीन मिनिटांत आकडा वर आला नाही किंवा छातीतले दुखणे गेले नाही तर वाट बघू नका, रुग्णवाहिका बोलवा. ओठ निळसर होणे, बोलता न येण्याइतकी धाप, नव्याने गोंधळल्यासारखे बोलणे, थुंकीतून रक्त, यांनाही तोच नियम. आणखी एक खूण बहुतेकांना माहीत नसते: एकाच पायाची पोटरी सुजणे, गरम होणे, दुखणे. अंथरुणात दिवस काढलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुफ्फुसात जाऊ शकते. अशी पोटरी दिसली तर चोळू नका, शेकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोटरीत काही नसताना अचानक धाप वाढली आणि श्वास घेताना छातीत टोचू लागले, तरीही हीच शंका धरून लगेच हॉस्पिटल गाठा.

स्नायू बांधायला प्रथिने लागतात, नुसत्या कष्टाने तो बांधला जात नाही. आजारातून उठलेल्या ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा वापरू नका, डॉक्टरांना विचारा. ते प्रत्येक जेवणात वाटून द्या. एकाच जेवणात सगळे नको.

किती दिवस लागतील, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे असेल. न्यूमोनियानंतर साधारण क्रम असा दिसतो: पहिल्या आठवड्यात ताप जातो, चौथ्यापर्यंत छातीचे दुखणे आणि कफ बराच कमी होतो, सहाव्यापर्यंत खोकला आणि धाप बरीच ओसरते, तीन महिन्यांत थकवा सोडून बहुतेक गेलेले असते, आणि सहा महिन्यांपर्यंत बहुतेक माणसे पूर्ववत होतात. आयसीयूत राहिलेल्यांना जास्त वेळ लागू शकतो. ही रेघ सरळ वर जात नाही. मधे वाईट दिवस येतात. वडील गप्प बसू लागले, झोप उडाली, आयसीयूतली स्वप्ने पडू लागली, तर त्याविषयीही डॉक्टरांशी बोला. हे आयसीयूनंतर पुष्कळांना होते आणि त्यावर उपचार आहेत. सहा आठवड्यांनीही बाथरूमपर्यंतची धाप तशीच असेल, किंवा सुधारत असलेला माणूस पुन्हा मागे जाऊ लागला, तर घरचा व्यायाम हे त्याचे उत्तर नव्हे, पुन्हा तपासणी हवी. जवळपास फुफ्फुस पुनर्वसनाचा कार्यक्रम असेल तर नक्की पाठवा; तो साधारण ६ ते १२ आठवड्यांचा असतो आणि देखरेखीखाली घाबरटातला घाबरट माणूसही चालू लागतो.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खुर्चीवर घड्याळ लावून पाच वेळा उठबस मोजा, हात छातीवर बांधून. हे हात न टेकता उठता येऊ लागल्यावरच. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी धरतात. सुरुवातीला २५ लागतील, काही हरकत नाही. हा आकडा खाली येताना दिसला की वडिलांनाच हुरूप येतो, कारण रोजचा बदल त्यांना जाणवत नसतो.

उद्यापासून सुरुवात अशी करा. सकाळी डॉक्टरांना फोन करून ९१ चे सांगा आणि थांबायची रेघ विचारा. त्यांनी हिरवा कंदील दाखवला की दहाच्या सुमारास, नाश्त्यानंतर तासाभराने, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून तीन वेळा उठबस, भावाने समोर बसून मोजायची. पाच मिनिटे विश्रांती. मग एक मिनिट चालणे, दोन मिनिटे बसणे, असे दोनदाच. सर्वांत कमी ऑक्सिजन आणि धापेचा आकडा आईने वहीत लिहायचा. संध्याकाळी हेच पुन्हा, आणि ‘आणखी करू का’ असे वडील म्हणाले तरी नाही म्हणायचे. परवा सकाळी ते कसे उठले, ते वहीच्या त्याच ओळीत लिहा.